गॅरेज रॉकचा नाद: पहिल्या गाण्यापासून पहिल्या बैठकीपर्यंत

गॅरेज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मेकॅनिकचं दुकान येतं. ग्रीसने काळी झालेली फरशी, उघडून ठेवलेली स्कूटर, कोपऱ्यात चहाचे ग्लास. गॅरेज रॉकमधलं गॅरेज निराळं. अमेरिकेत शहराबाहेरच्या वस्त्यांमध्ये घराला लागूनच मोटार ठेवायची खोली असते. वडील गाडी घेऊन कामावर गेले की खोली रिकामी. साठच्या दशकात शाळकरी पोरांनी त्या खोलीत ड्रम लावले, गिटारी जोडल्या आणि शेजारपाजाऱ्यांची पर्वा न करता वाजवायला सुरुवात केली. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात झळकले आणि हे वेड देशभर पसरलं.

या बँडांचं आयुष्य बहुतेकदा दोन-तीन वर्षांचं. शाळेच्या नाचाला वाजवायचं, गावातल्या बँडस्पर्धेत उतरायचं, पदरमोड करून काही शे प्रतींची एक रेकॉर्ड काढायची आणि स्थानिक रेडिओवर ती लागली की आठवडाभर गावाचे हिरो. मग कोणी कॉलेजला गेला, कोणाला व्हिएतनामच्या लढाईसाठी सैन्यात बोलावणं आलं, की बँड मोडला. ढोबळमानाने १९६३ ते १९६८ हा या संगीताचा काळ.

पुढे या रेकॉर्ड्स माळ्यावर आणि रद्दीत गेल्या. कंपन्यांनी त्या जपल्या नाहीत. ऐकणाऱ्यांनी शोधल्या, पुसल्या, एकमेकांना ऐकवल्या, म्हणून त्या आज आपल्यापर्यंत आल्या. मला या संगीताचं सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं ते याचंच. म्हणून हा लेख नुसता काय ऐकायचं ते सांगून थांबणार नाही, ऐकलेलं पुढे कसं द्यायचं तेही सांगेल.

पायरी पहिली: तीन गाणी, आठवडाभर

एकदम शंभर गाण्यांची यादी हातात घेऊ नका. तीनच घ्या आणि आठवडाभर तीच ऐका.

पहिलं, द किंग्समेन या बँडचं ‘लुई लुई’. ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात एप्रिल १९६३ मध्ये ध्वनिमुद्रित झालं, म्हणजे बीटल्सची लाट अमेरिकेत यायच्या आधी. गाणं मूळचं रिचर्ड बेरीचं, १९५७ चं. गायक जॅक इली याला उंच टांगलेल्या मायक्रोफोनकडे मान वर करून ओरडावं लागलं, त्यामुळे शब्द कोणाला कळेनात. त्यात काहीतरी अश्लील असणार असा पालकांना संशय आला, तक्रारी गेल्या आणि एफबीआय या अमेरिकेच्या तपास यंत्रणेने या गाण्याची खरोखर चौकशी केली. तबकडी निरनिराळ्या वेगाने वाजवून पाहिली. शेवटी निष्कर्ष निघाला की शब्द समजत नाहीत. मूळ गाण्यात एक खलाशी घरी वाट पाहणाऱ्या आपल्या मैत्रिणीविषयी बोलतोय, एवढंच आहे.

या गाण्यात एक जागा आहे. गिटारचा तुकडा संपल्यावर, दोन मिनिटं व्हायच्या जरा आधी, इली पुढचं कडवं लवकर सुरू करतो. चूक लक्षात येते, तो थबकतो, ड्रमवाला ती फट भरून काढतो आणि इली पुन्हा योग्य ठिकाणी शिरतो. ती चूक तशीच ठेवली गेली आणि रेकॉर्ड बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचली. ती जागा सापडेपर्यंत गाणं ऐका. ती ऐकून अंगावर रोमांच आले तर पुढचा सगळा रस्ता तुमचा आहे.

दुसरं, ‘९६ टिअर्स’. बँडचं नाव एक प्रश्नचिन्ह आणि पुढे ‘अँड द मिस्टीरिअन्स’. मिशिगनमधली ही मेक्सिकन वंशाची मुलं. गायकाने स्वतःचं नावच ‘?’ असं ठेवलं आणि तो कायम काळा चष्मा घालून वावरायचा. आधी एका छोट्या स्थानिक लेबलवर (म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीच्या नावाखाली) निघालेलं हे गाणं ऑक्टोबर १९६६ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. यातला ऑर्गन ऐका. तेच तेच टोचणारं वळण, पण कंटाळा येत नाही, उलट मनात घोळत राहतं.

तिसरं, द सॉनिक्सचं ‘द विच’. वॉशिंग्टन राज्यातलं टकोमा हे यांचं गाव. १९६५ चा त्यांचा पहिला एलपी, म्हणजे बऱ्याच गाण्यांची मोठी तबकडी, दोन ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रित झाला आणि सगळ्या ड्रमसाठी मायक्रोफोन एकच. जेरी रोझलीचा आवाज घसा फाटेल असा. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या स्पीकरमध्ये बिघाड झालाय असं वाटून वायर काढून पुन्हा लावली होती. बिघाड नव्हता. तो आवाज तसाच आहे.

पायरी दुसरी: कान कुठे द्यायचा

शास्त्रीय गाण्यात आपण सूर लागला का ते बघतो. इथे जोर लागला का ते बघायचं. गिटारचा फाटका आवाज ही या संगीताची ओळख. लंडनच्या द किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसने १९६४ मध्ये अॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरून तो आवाज काढला. असाच आवाज पायाने दाबायच्या एका पेटीतूनही मिळायचा, तिला फझ म्हणतात. रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये सुरुवातीला जी गिटार गुरगुरते ती १९६५ ची फझची करामत, आणि त्यानंतर गल्लोगल्लीच्या पोरांना ती पेटी हवीशी झाली. आपल्याकडे मिरवणुकीत बेंजो कर्ण्यातून वाजतो तेव्हा त्याच्या सुरांना जी धार येते, ती ज्यांनी ऐकली आहे त्यांना फझची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

महागडे हेडफोन लागत नाहीत. ही गाणी मोटारीतल्या आणि खिशातल्या रेडिओच्या छोट्या स्पीकरवर दणदणीत वाजावीत म्हणून केलेली होती. साधा स्पीकर, जरा मोठा आवाज, पुरे. एकाच गाण्याची मोनो आणि स्टिरिओ अशी दोन्ही रूपं मिळत असतील तर मोनो निवडा. सगळी वाद्यं एकाच जागेतून अंगावर येतात, आणि हे संगीत तसंच असायला हवं.

पायरी तिसरी: संकलनांच्या वाटेने

गॅरेज रॉकमध्ये अखंड चांगले एलपी थोडे आहेत. एखाद-दुसरी जबरदस्त रेकॉर्ड काढून नाहीसे झालेले बँडच जास्त. म्हणून इथे संकलनं महत्त्वाची.

सुरुवात ‘नगेट्स’पासून करा. न्यूयॉर्कमध्ये जुन्या रेकॉर्डच्या दुकानात काम करणारा आणि संगीतावर लिहिणारा लेनी के याने इलेक्ट्रा कंपनीसाठी १९७२ मध्ये हा दोन तबकड्यांचा संच निवडला. गाणी २७. त्यासोबतच्या टिपणात त्याने या संगीताला ‘पंक रॉक’ म्हटलं, तेव्हा पंक नावाची चळवळ उभी राहायची होती. हाच लेनी के पुढे पंक गायिका पॅटी स्मिथच्या बँडमध्ये गिटार वाजवू लागला. १९९८ मध्ये राइनो कंपनीने हाच संच वाढवून चार सीडींचा केला, त्यात ११८ गाणी आहेत. नवख्याने आधी मूळची २७ ऐकावीत. इलेक्ट्रिक प्रून्स, स्टँडेल्स, सीड्स, काउंट फाइव्ह, थर्टीन्थ फ्लोअर एलेव्हेटर्स ही नावं तिथेच भेटतील. एलेव्हेटर्सच्या गाण्यात मागे एक बुडबुड्यांसारखा आवाज सतत येतो. तो एका मातीच्या सुरईचा आहे, तिच्या तोंडाशी मायक्रोफोन धरून त्यात तोंडाने आवाज काढलाय. कळलं की गाणं पुन्हा पहिल्यापासून लावावंसं वाटतं.

‘नगेट्स’ अंगात मुरलं की ‘पेबल्स’. ग्रेग शॉ या चाहत्याने सत्तरच्या दशकाच्या शेवटी सुरू केलेली ही मालिका आणखी अनोळखी रेकॉर्ड्स खणून काढते. त्याहून रांगडी हवी असतील तर क्रिप्ट रेकॉर्ड्सच्या टिम वॉरनने १९८३ पासून काढलेली ‘बॅक फ्रॉम द ग्रेव्ह’. या दोन्ही एकदम सुरू करू नका, कान थकतो.

ऐकताना माझी एक पद्धत आहे, ती फार उपयोगी पडली. आवडलेल्या बँडचं नाव लिहायचं आणि शेजारी त्यांचं गाव. काही आठवड्यांत नकाशा आपोआप उभा राहतो. टकोमा-सिअॅटलचे बँड सॅक्सोफोन घेऊन दणदण वाजवतात, टेक्ससमधल्यांची गाणी गूढ होत जातात, डेट्रॉइटच्या आवाजात कारखान्यांचं शहर आहे. तिथेच द प्लेझर सीकर्स हा मुलींचा बँड होता. सूझी क्वाट्रो आणि तिच्या बहिणी, सगळ्या शाळकरी वयाच्या. त्यांची हाइडआउट लेबलवरची रेकॉर्ड माझी अत्यंत लाडकी, आणि मुलींनी काय वाजवलं असं कोणी विचारलं की मी वाद न घालता तीच लावते.

अमेरिकेबाहेरही बघा. पेरूच्या लिमा शहरातला लॉस साइकोस, १९६५ मध्ये त्यांनी स्पॅनिशमध्ये रेल्वे स्टेशन पाडून टाकायची आरोळी ठोकली. जर्मनीत तैनात असलेल्या अमेरिकन सैनिकांनी तिथेच काढलेला द मंक्स हा बँड, डोक्याचा मधला भाग भिक्षूंसारखा तासलेला आणि बँडमध्ये चक्क बँजो. त्यांचा १९६६ चा एलपी पूर्ण ऐकण्यासारखा आहे.

पायरी चौथी: पुढच्या पिढ्या

इथे थोडक्यात सांगते, कारण ही नावं सहज सापडतात. साठच्या दशकाच्या शेवटी डेट्रॉइटच्या बाजूला स्टूजेस आणि एमसी५. ऐंशीच्या दशकात चेस्टरफील्ड किंग्ज आणि फझटोन्स. इंग्लंडमध्ये बिली चाइल्डिश, जपानमध्ये गिटार वुल्फ आणि ५.६.७.८’ज. डेट्रॉइटमध्ये द गोरीज, दोन गिटारी आणि ड्रम, बेस नाहीच. मग २००१ च्या आसपास व्हाइट स्ट्राइप्स, स्ट्रोक्स आणि स्वीडनचे हाइव्ह्ज, ज्यांच्यामुळे हा शब्द पुन्हा सगळीकडे ऐकू आला. तुमची ओळख या तिघांपैकी कोणापासून झाली असेल तर उलट मागे चालत जा. गोरीज ऐकल्यावर व्हाइट स्ट्राइप्सचं घराणं कळतं.

पायरी पाचवी: तबकडी घ्यायची तर

तबकडी घेतलीच पाहिजे असं नाही. पण सात इंची, मिनिटाला ४५ फेऱ्यांची तबकडी हे या संगीताचं मूळ शरीर आहे. हातात घेतली की कळतं, एवढ्याशा वर्तुळात ती पोरं स्वतःचं सगळं ओतत होती.

मूळच्या प्रतींच्या मागे लागू नका. दुर्मीळ रेकॉर्डला हजारो डॉलर मोजणारे संग्राहक आहेत. आपण पुनर्मुद्रणं घ्यावीत. सनडेझ्ड, नॉर्टन, क्रिप्ट, आणि इंग्लंडची एस कंपनी व तिचं बिग बीट हे लेबल, ही भरवशाची नावं. मूळ पट्ट्या शोधून आणि बँडची माहिती नीट छापून ते काढतात. नाव-पत्ता नसलेली चोरटी प्रत स्वस्त पडते, पण तिचे पैसे त्या म्हाताऱ्या वादकांपर्यंत जात नाहीत, हे लक्षात असू द्या.

जुनी प्रत घेत असाल तर श्रेणी वाचायला शिका. परदेशी विक्रेते ‘व्हीजी’ लिहितात, त्याचा शब्दशः अर्थ ‘फार चांगली’. प्रत्यक्षात व्हीजी म्हणजे खरखर स्पष्ट ऐकू येणारी तबकडी. ‘व्हीजी प्लस’पासून निर्धास्त. तेही वाजवून तपासलंय का, हे विचारा. मी एकदा न विचारता मागवली आणि सुई दर फेरीला उडी मारणारी रेकॉर्ड पदरात पडली. तेव्हापासून दोन प्रश्न ठरलेले: वाजवून बघितली का, आणि दोन्ही बाजूंचे फोटो पाठवाल का. पार्सलवर कस्टम्सचा खर्च पडू शकतो आणि टपालखर्च कधीकधी रेकॉर्डपेक्षा जास्त होतो, म्हणून तिघाचौघांनी मिळून मागवणं परवडतं.

आता जरा बारीक गोष्टी, कारण इथेच नवखे अडतात.

अमेरिकन ४५ च्या मधलं भोक मोठं असतं, जवळजवळ दीड इंच. आपल्या प्लेअरचा खिळा बारीक. मध्ये बसवायची चकती लागते, ती आधी घ्या, नाहीतर रेकॉर्ड आल्यावर नुसती बघत बसावं लागतं.

साठच्या दशकातल्या कित्येक अमेरिकन ४५ व्हिनाइलच्या नसून स्टायरिन या कडक प्लास्टिकच्या आहेत. हाताला टणक लागतात, कड सपाट असते, लेबल बहुधा वरून चिकटवलेलं. त्या लवकर झिजतात आणि वाकवून पाहायला गेलात तर मोडतात. त्यांच्यावर झिजलेली सुई कधीही ठेवू नका.

प्लेअर परदेशातून येत असेल तर मोटर कसली आहे ते विचारा. माझ्या काकांनी न्यू जर्सीहून जुना प्लेअर मोठ्या प्रेमाने आणला. व्होल्टेजसाठी ट्रान्सफॉर्मर लावला, सॉनिक्सची तबकडी ठेवली, आणि रोझली झोपेत असल्यासारखा गायला लागला. आम्ही सुई साफ केली, पट्टा बदलला, काही फरक नाही. मग उलगडा झाला. अमेरिकेत विजेची वारंवारता ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, वारंवारता बदलत नाही. थेट विजेवर चालणारी जुन्या धाटणीची मोटर आपल्याकडे सहाला पाच या प्रमाणात हळू फिरते, म्हणजे ४५ फेऱ्यांच्या साडेसदतीसच होतात. डीसी मोटरच्या प्लेअरला हा त्रास नाही. काकांच्या प्लेअरला शेवटी ५० हर्ट्झची पुली शोधून बसवली, तेव्हा कुठे रोझली जागा झाला.

सुटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेअर टाळा. त्यांचा हात जड असतो, खाचा खरवडतो. सुईचं वजन बदलता येणारा साधा प्लेअर घ्या, कंपनीने सांगितलेलं वजन लावा, बहुतेक सुयांसाठी ते दोन ग्रॅमच्या आसपास येतं.

मुंबईत माहीमला द रिव्हॉल्व्हर क्लब हे रेकॉर्डचं दुकान आहे, चोरबाजार आहेच. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार. जुन्या बाजारात गॅरेज रॉक मिळेल या आशेने जाऊ नका. हिंदी चित्रपटगीतांच्या ढिगात एखादी क्लिफ रिचर्डची किंवा शॅडोजची भारतीय छपाई हाताला लागते, तीही सोडू नका. सकाळी लवकर जा, तबकडी उजेडाकडे तिरकी धरून बघा आणि कव्हरच्या आत तीच तबकडी आहे का ते तपासा.

पायरी सहावी: पावसाळा

रेकॉर्ड उभ्या ठेवायच्या, आडव्या रचल्या की वाकतात. आपल्याकडे खरा शत्रू जून ते सप्टेंबरची ओल. कव्हरवर बुरशी धरते आणि कागदाला जो वास लागतो तो जात नाही. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, ऊन पडलं की दारं उघडा, पण रेकॉर्ड उन्हात नकोत. पुसायला डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड, खाचांच्या दिशेने. नळाच्या पाण्याचे क्षार खाचेत बसतात.

पायरी सातवी: ऐकवा

आम्ही पाच-सहा जण महिन्यातून एकदा डोंबिवलीत एका मैत्रिणीकडे जमतो. नियम ठरून गेलेत. प्रत्येकाने दोनच गाणी आणायची. लावण्याआधी गाव आणि साल सांगायचं, आणि गाण्यात कुठे कान द्यायचा ती एक जागा. गाणं चालू असताना कोणी बोलायचं नाही. आवडलं तर लगेच दुसऱ्यांदा. दहा वाजले की खिडक्या बंद आणि आवाज खाली.

हा ‘एक जागा सांगा’ नियम सोन्यासारखा आहे. ‘भारी गाणं आहे’ म्हटल्याने समोरच्याच्या हाती काही लागत नाही. काउंट फाइव्हच्या ‘सायकॉटिक रिअॅक्शन’मध्ये मध्येच गाडी वेग पकडते आणि गिटार सुटते, तिथे लक्ष दे, असं म्हटलं की ऐकणारा त्या वळणाची वाट बघत बसतो आणि ते आलं की त्याच्या चेहऱ्यावर कळतं. लिहिताना तसंच करा. बँड, गाव, साल, लेबल, ती जागा, आणि तुम्हाला ते कुठे भेटलं. पाच ओळी पुरतात. माहिती खात्रीची नसेल तर गाळा. या बँडांविषयी ऐकीव गोष्टी भरपूर फिरतात आणि एकाने लिहिलेली चूक दहा जण उचलतात.

कोणासाठी गाण्यांची माळ करत असाल तर बारा गाणी, अर्ध्या तासाच्या आसपास. पहिलं गाणं सगळ्यात सोपं, सगळ्यात कर्कश मधोमध. समोरच्याला काय आवडतं ते विचारून घ्या. आर. डी. बर्मनच्या ऑर्गनवर जीव असलेल्याला मी ‘९६ टिअर्स’ने सुरू करते, मेटल ऐकणाऱ्याला सॉनिक्सने.

पायरी आठवी: आपल्या घरचं

हा आवाज इथे आला नव्हता असं समजू नका. १९६५ च्या ‘गुमनाम’मधलं ‘जान पहचान हो’ पुन्हा बघा. पडद्यावर मुखवटे घालून वाजवणारा बँड आहे टेड लायन्स अँड हिज कब्ज, मुंबईतला खराखुरा बीट ग्रुप, म्हणजे त्या काळचा गिटार-ड्रमवाला बँड.

मग सिमला बीट. इंपीरियल टोबॅको कंपनीने आपल्या सिमला सिगारेटच्या जाहिरातीसाठी देशभरातल्या बँडांची स्पर्धा भरवली आणि १९७० व १९७१ च्या स्पर्धांचा एकेक एलपी काढला. शिलाँगचे फेंटोन्स, मद्रासचे कन्फ्यूजन्स, कलकत्त्याचे ग्रेट बेअर, मुंबईचे व्हेल्व्हेट फॉग. अमेरिकेत हा काळ सरून गेला होता तेव्हा आपल्याकडची मुलं तीच फझ वाजवत होती, काही गाणी स्वतः रचलेली. मूळ एलपी परदेशी संग्राहक शोधत फिरतात, पण पुनर्मुद्रण झालेलं आहे आणि ते ऐकता येतं. गोव्याचे रेमो फर्नांडिसही जे. जे. मध्ये वास्तुकला शिकत असताना मुंबईच्या द सॅव्हेजेस या बँडमध्ये होते.

ज्यांची रेकॉर्ड निघालीच नाही असे बँड किती असतील. वांद्र्यात, पुण्याच्या कॅम्पात, मडगावात त्या काळात कॉलेजला असलेलं कोणी तुमच्या ओळखीत असेल तर एखादा रविवार त्यांच्याकडे जा. कॉलेजच्या कार्यक्रमात कोण वाजवायचं, गिटार कुठून आणली, अॅम्प्लिफायर कोणी बनवून दिला ते विचारा. बोलणं फोनवर मुद्रित करा, आधी परवानगी घेऊन. जुना फोटो निघाला तर दोन्ही बाजूंचा फोटो काढा, मागे पेन्सिलीने नावं लिहिलेली असतात. आणि माळ्यावर टेपचं रीळ सापडलं तर घाईने वाजवायला जाऊ नका, जुनी टेप तुटते. कोरड्या जागी डब्यात ठेवा आणि रीळ डिजिटल करून देणाऱ्या जाणकाराकडे न्या.